सुट्टींतल्या बेचाळीस रात्री

वार्षिक परीक्षा आटोपल्या, मुलांनीं दप्तरें खुंटीला अडकविलीं आणि वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं एकत्र कुटुंबाच्या घराला निराळीच कळा येते. नणंदेचीं मुलें आजोळीं येतात, परगांवच्या दिरांचा परिवार येतो, आणि आठ-दहा मुलांच्या गलक्यानें माजघर दुमदुमून जातें. पहिले आठ दिवस आंबे, पत्ते आणि लपंडाव यांत सुखानें जातात. पुढें मात्र दुपार मोठी वाटूं लागते. एकेक मूल कोपरा धरून मोबाईलमध्यें डोकें खुपसून बसतें, आणि आपण वडील माणसें तक्रार करूं लागतों, "हल्लींच्या मुलांना वाचनाची गोडीच नाहीं!" ती गोडी आपण त्यांना कधीं लावली काय, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतों.

मला तो विचारावा लागला, आणि तो माझ्याच एका चुकीमुळें. तीन वर्षांपूर्वीं मोठ्या सद्हेतूनें मीं घरांत वाचनाची स्पर्धा ठेविली. रोज दहा पानें वाचावयाचीं, वहींत सारांश लिहावयाचा, आणि रविवारीं सर्वांसमक्ष एक उतारा मोठ्यानें वाचावयाचा. जो अस्खलित वाचील त्याला बक्षीस. मोठ्या जाऊबाईंचा धाकटा मुलगा तेव्हां दहा वर्षांचा होता. जोडाक्षर आलें कीं तो अडखळे. पहिल्याच रविवारीं एका शब्दापाशीं तो तीनदां थांबला, आणि सारीं मुलें खो खो हसलीं. सांगावयास लाज वाटते, पण मीही किंचित् हसलें. त्यानें पुस्तक मुकाट्यानें मिटलें, तें सुट्टी संपेपर्यंत पुन्हां उघडलें नाहीं. बक्षीस ज्याला मिळालें तो आधींपासूनच उत्तम वाचणारा होता. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तो मात्र पुस्तकाला दुरावला.

त्या रात्रीं सासूबाई मला एवढेंच म्हणाल्या, "अग, जेवणाची गोडी कोणी परीक्षा घेऊन लावतें का? पंगत बसली कीं मूल आपण होऊन दोन घांस अधिक खातें." हें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें. वाचनाचीही पंगतच बसवावयास हवी, हें मला तेव्हां उमगलें. पुढील सुट्टीपासून आमच्या घरीं जें चाललें आहे, तें वाचकभगिनींच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहें.

आरंभ आम्हीं साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकापासून केला. गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, आणि १९३५ मध्यें तें प्रसिद्ध झालें. त्याची रचनाच रात्रींच्या गोष्टींची आहे. श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी रोज रात्रीं सांगतो, आणि प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशींच नांवें आहेत. अशा रात्री आहेत ४२. म्हणजे बरोबर सहा आठवडे, जवळजवळ आपली उन्हाळ्याची सुट्टी! रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं अंगणांत सतरंजी घालावयाची आणि एका रात्रीं एकच 'रात्र' वाचावयाची, असा नियम केला. मुलांनीं कितीही गळ घातली तरी दुसरी वाचावयाची नाहीं. उत्कंठा हीच खरी शिक्षिका होय. चौथ्या-पांचव्या दिवशीं दुपारीं दोन मुलें कपाटामागें बसून उद्यांची 'रात्र' चोरून वाचतांना सांपडलीं. मीं पाहिलें न पाहिलेंसें केलें. वाचनाच्या चोरीला शिक्षा नसावी.

दुसरा उपाय पापडांनीं सुचविला. सुट्टी म्हणजे पापड-कुरडयांचे दिवस, आणि गच्चीवरचें वाळवण कावळ्यांपासून राखण्याचें काम परंपरेनें मुलांचें. जिन्याच्या सांवलींत दोन-दोन तास बसावयाचें, आणि हाताला काम असें कांहींच नाहीं! तेथें मीं चित्रांच्या आणि गोष्टींच्या पुस्तकांची एक टोपली ठेवून दिली. वाचा असें कोणालाही म्हटलें नाहीं. राखणीला मोठें मूल आणि लहान मूल अशी जोडी मात्र मुद्दाम लावली. आमच्या त्या अडखळणाऱ्या मुलाच्या वांट्याला नणंदेची पांच वर्षांची मुलगी आली. तिला अक्षरओळख नव्हती, ती त्याच्यामागें लागली, "दादा, यांत काय लिहिलंय?" आणि तो वाचूं लागला.

यांतील मर्म वडील माणसांनीं नीट ध्यानांत घ्यावें. वाचनांत मागें पडलेल्या मुलाला सोप्या पुस्तकांची गरज असते. पण दहा वर्षांच्या मुलाला पांच वर्षांच्या मुलाचें पुस्तक हातीं धरावयास लाज वाटते. धाकट्या भावंडाला वाचून दाखवावयाचें म्हटलें कीं ती लाज उरत नाहीं, उलट मोठेपणा लाभतो. शिवाय लहान मूल एकच गोष्ट दहा वेळां ऐकावयास मागतें, त्यामुळें वाचणाऱ्याचा सराव आपोआप होतो. आणि तें चुका काढीत नाहीं. असा श्रोता एकत्र कुटुंबांत फुकट मिळतो!

तिसरा उपाय स्वयंपाकघरांतला. १९७० सालीं निघालेलें कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' बहुतेक घरीं असतें. त्यांतील मापें वाटी-चमच्यांचीं असल्यामुळें मुलांनाही तीं झेपतात. एकानें कृति मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें साहित्य मोजावें, आणि पन्हें किंवा कोशिंबीर करून सर्वांना वाढावी. एक ओळ गाळली कीं मीठ राहून जातें! लक्षपूर्वक कां वाचावें, हें त्यासाठीं निराळें शिकवावें लागत नाहीं.

चौथा उपाय घरच्या ग्रंथालयाचा. घरांतील सारीं पुस्तकें एका फळीवर लावून एका मुलाला ग्रंथपाल नेमावें. देवघेवीची वही ठेवावी. पुस्तक परत करण्यास उशीर झाल्यास दंड म्हणून वाटीभर शेंगा सोलून द्याव्या. मोठ्यांनींही त्याच वहींत सही करूनच पुस्तक न्यावें. आजोबांना दंड झाला त्या दिवशीं आमच्या ग्रंथालयाची प्रतिष्ठा एकदम वाढली! मात्र अधिक पानें वाचण्याची शिक्षा कधींही देऊं नये, आणि पुस्तकामागें पैसेही देऊं नयेत. पैसे दिले कीं मूल सर्वांत बारीक पुस्तक शोधूं लागतें.

हात लिहिते व्हावे म्हणून घरांत हस्तलिखित मासिक काढावें. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं 'बालबोध' आणि वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' हीं मुलांचीं मासिकें सुरू केलीं. १९७१ पासून 'किशोर' निघूं लागलें. यांचे जुने अंक मिळाल्यास मुलांना नमुन्यादाखल दाखवावे. संपादक, चित्रकार आणि कोडेंकार घरांतच सांपडतात. प्रवासाचा योग असेल तर सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळचें भिलार गांव अवश्य दाखवावें. स्ट्रॉबेरी पिकविणारें हें गांव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचें गांव' झालें. प्रारंभीं तेथील घरें, देवळें, शाळा अशा २५ ठिकाणीं पुस्तकें मांडण्यांत आलीं. परक्याच्या घरीं आपलें आतिथ्य पुस्तकांनीं व्हावें, हा अनुभव मुलें विसरत नाहींत.

आतां त्या मुलाचें काय झालें, तें सांगून आटोपतें घेतें. त्याच सुट्टींत, एकतिसाव्या रात्रीं माझा घसा बसला होता. "आज गोष्ट नाहीं," असें मीं म्हणतांच मुलें हिरमुसलीं. तेवढ्यांत त्यानें उठून माझ्या हातांतलें पुस्तक घेतलें आणि दिव्याजवळ जाऊन बसला. दुसऱ्याच परिच्छेदांत एक जोडाक्षर आडवें आलें. तो थांबला, मान वर करून त्यानें सर्वांकडे पाहिलें. माझ्या छातींत धस्स झालें. पण या वेळीं कोणीही हसलें नाहीं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "सावकाश होऊं दे रे बाळा. मला कोठें जावयाचें आहे?"

त्यानें ती 'रात्र' शेवटपर्यंत वाचली. सुट्टीच्या उरलेल्या अकरा रात्रीही त्यानेंच वाचल्या.