रेल्वे सिम्युलेटरसाठी संगणक निवडताना

रेल्वे सिम्युलेटरचा संगणकावरचा भार मार्गागणिक बदलतो. सुरतजवळ उधना जंक्शनला मुंबई–अहमदाबाद मुख्य मार्गापासून नंदुरबार–जळगावकडे जाणारा फाटा फुटतो. असे जंक्शन पडद्यावर आले की रूळ, सांधे, सिग्नल, विजेच्या तारा आणि इतर गाड्या एकाच वेळी दाखवाव्या लागतात.

गाड्यांची गती, ब्रेक आणि कपलिंगवरचा ताण यांचा हिशेब प्रोसेसर करतो. हे काम बरेचसे एकाच कोअरवर पडते. म्हणून कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. दृश्य रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डचे. फोर-के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, तेव्हा कार्ड पडदा पाहून घ्यावे.

२००१ सालच्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’मध्ये आणि त्याच्या फायली वाचणाऱ्या मोफत ‘ओपन रेल्स’मध्ये भूभाग २,०४८ मीटरच्या चौकोनांत विभागलेला असतो. ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी असा चौकोन सुमारे ५७ सेकंदांत ओलांडते. पुढचा चौकोन वेळेत आला नाही तर दृश्य अडखळते. म्हणून हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. ३२ बिटचा प्रोग्राम ४ जीबीहून जास्त रॅम वापरू शकत नाही. ६४ बिटच्या सिम्युलेटरला १६ जीबी सोयीची पडते. उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो, त्यामुळे तेवढ्याच किमतीत हवेशीर कॅबिनेटचा डेस्कटॉप सरस ठरतो.