पडक्या गिरण्यांची छायाचित्रे : का घ्यावीत, कशी घ्यावीत

इतिहास केवळ ग्रंथांत, ताम्रपटांत आणि शिलालेखांतच असतो असे नाही. तो विटांत, लोखंडी खांबांत आणि गळक्या छपरांतही असतो. लेण्यांच्या भिंती वाचायला आपण शिकलो. पण ज्या इमारतींत आपल्या आजोबा-पणजोबांनी उभा जन्म काढला, त्या इमारती वाचण्याची सवय मात्र आपल्याला लागली नाही. मुंबईच्या कापड गिरण्या या अशाच इमारती होत. त्यांपैकी बहुतेक आज जमीनदोस्त झाल्या आहेत आणि उरलेल्यांचे दिवस भरत आले आहेत. त्या पडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे का घ्यावीत व कशी घ्यावीत, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

गिरण्या उभ्या राहिल्या आणि ओस पडल्या

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात गिरण्यांची आणि चाळींची दाट वस्ती झाली. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून माणसे आली आणि गिरणगाव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, भोंगे थांबले, आणि सुमारे ६०० एकर जमिनीवर रिकाम्या इमारती उभ्या राहिल्या.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी ढोबळ वाटणी त्यात होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन तीतून वगळली गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य ठरविला. त्यानंतर गिरण्यांच्या जागी उंच मनोरे झपाट्याने उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज बाजारसंकुल आहे. जुन्या गिरणीची चिमणी मात्र तेथे अजून दिसते. श्रीनिवास मिलच्या जागी शहरातील अतिउंच निवासी इमारती आहेत. आज तेथून जाणाऱ्या शाळकरी मुलाला येथे साचे चालत होते असे सांगितले, तर त्याचा विश्वास बसणे कठीण आहे.

या इमारतींत वेगळे काय होते?

गिरणी ही शोभेसाठी बांधलेली वास्तू नव्हती. तिचा प्रत्येक भाग कामासाठी घडलेला होता, म्हणूनच तिचे रूप इतर इमारतींहून निराळे दिसते. सूतकताईची खाती बहुधा अनेक मजली इमारतींत असत. विणाईचे खाते मात्र बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर, एकमजली आणि ऐसपैस असे. शेकडो साचे एकाच वेळी आदळू लागले की बसणारा हादरा जमिनीनेच सोसावा, हा त्यामागील हेतू होता.

या विणाई खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि दुसरी जवळपास उभी, काचेची. ही काच बहुधा उत्तरेकडे तोंड करून बसवीत. त्यामुळे वर्षातील बराच काळ थेट ऊन आत येत नाही, पण सावली न पाडणारा सारखा उजेड साऱ्या खात्यात पसरतो. कापडातील तुटका धागा दिसावा म्हणून हा उजेड लागे. छताला आधार देणाऱ्या बिडाच्या खांबांवर कित्येक ठिकाणी रिकामे लोखंडी हात दिसतात. वाफेच्या इंजिनाची शक्ती लांबलचक दांड्यांवरून आणि पट्ट्यांवरून यंत्रांपर्यंत पोचत असे, त्या काळाची ती खूण आहे. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईत आली आणि हळूहळू हे दांडे निकामी झाले. बॉयलरची चिमणी, आगीच्या वेळी उपयोगी पडणारी उंचावरची पाण्याची टाकी, इंजिनाला पाणी पुरविणारा तलाव, दरवाजावरची हजेरीची जागा या सर्वांची एकमेकांशी संगती होती. एक भाग पाडला की दुसऱ्याचा अर्थ लागेनासा होतो.

जे छायाचित्रात दिसत नाही

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विणाई खात्यातील तो सुंदर उजेड सर्व कामगारांच्या वाट्याला आला नाही. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचे, म्हणून स्पृश्य कामगारांनी विटाळाचे कारण पुढे केले आणि अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात शिरू दिले नाही. चांगली मजुरी मिळवून देणारे हे खाते होते. आपल्या माणसांना बहुतांशी कमी मजुरीच्या खात्यांत, विशेषतः रिंग खात्यात, राबावे लागले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर निक्षून मांडला. भांडवलदाराशी लढताना कामगारांनी आपापसातील अन्यायही दूर केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

करवती छपराचे उत्तम छायाचित्र घेतले तरी त्यात ही गोष्ट उमटणार नाही. कॅमेऱ्याला दार दिसते. त्या दारातून कोणाला आत जाऊ दिले नाही ते दिसत नाही. म्हणून छायाचित्र आणि त्या जागी काम केलेल्या माणसाचे सांगणे ही दोन्ही एकत्र जपली पाहिजेत. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या आठवणी गोळा करून २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ही माणसे वयोवृद्ध होती, इमारती कोसळत होत्या. अशा वेळी झालेल्या त्या कामाचे मोल मोठे आहे.

जर्मनीतील एक उदाहरण

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून खाणींवरचे मनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांची छायाचित्रे घेण्याचे काम अंगावर घेतले. कोळसा आणि पोलाद यांचे जुने कारखाने तेव्हा बंद पडू लागले होते. त्यांची पद्धत साधी होती. आभाळ भरून आलेले असताना, सावल्या पडत नसताना, वस्तूच्या समोर कॅमेरा सरळ ठेवून चित्र घ्यायचे. आणि एकाच प्रकारच्या वास्तूंची चित्रे शेजारी शेजारी मांडायची. असे मांडल्यावर साम्य आणि फरक आपोआप बोलू लागतात. डॉर्टमुंड येथील त्सोलर्न खाणीचे लोखंड व काचेचे यंत्रगृह पाडण्याचे घाटत होते. ते वाचविण्याच्या खटपटीत हे दांपत्यही होते. १९६९ मध्ये त्या वास्तूला संरक्षण मिळाले आणि आज तेथे संग्रहालय आहे. मात्र त्यांनी टिपलेल्या असंख्य वास्तू वाचल्या नाहीत; त्यांची आज फक्त चित्रेच उरली आहेत.

छायाचित्रे कशी घ्यावीत?

विद्यार्थी मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आज खिशातल्या मोबाइलनेही हे काम चांगले होते.

पहिली गोष्ट परवानगीची. बंद गिरणी ही बेवारस जागा नव्हे. मालकाकडे किंवा संबंधित महामंडळाकडे संस्थेच्या पत्रशीर्षावर रीतसर अर्ज करावा. परवानगी मिळाली तरी एकट्याने आत जाऊ नये. कुजलेली लाकडी जमीन, फुटलेले ॲसबेस्टॉसचे पत्रे, झाडोऱ्याने झाकलेले हौद यांपासून जिवाला धोका असतो. परवानगी नाकारली गेली, तर रस्त्यावरून किंवा समोरच्या चाळीच्या गॅलरीतून, तेथील रहिवाशांना विचारून, चित्रे घ्यावीत. उंचावरून घेतलेल्या अशा चित्रात छपरांची रचना अधिक चांगली कळते.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी चारी बाजूंनी संपूर्ण इमारत, मग दरवाजे व आवार, मग आतील खाती, आणि शेवटी खांब, जिने, पाट्या, भिंतीवर रंगविलेले आकडे असे बारकावे टिपावेत. कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ धरावा, म्हणजे चिमणी कललेली दिसणार नाही. बारकाव्याच्या चित्रात एक मोजपट्टी ठेवावी. पिंपळ उगवलेली भिंत मनाला भावते हे खरे. पण नुसत्या पडझडीच्या चित्रांतून गिरणी कशी चालत होती ते कळत नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. तारीख, ठिकाण, खात्याचे नाव आणि कोणत्या दिशेने पाहत चित्र घेतले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. कागदी प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहावे, शाईने नव्हे. संगणकातील मूळ चित्रात फेरफार करू नये आणि त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

चौथी गोष्ट माणसांची. छापलेली चित्रे घेऊन वस्तीतील जुन्या कामगारांकडे जावे. तुमचे खाते कोणते? पाणी पिण्याची जागा कोठे होती, आणि ती सर्वांना एकच होती का? तुमच्या खात्यात कोणत्या समाजाची माणसे होती? स्त्रिया कोठे काम करीत? चित्र समोर असले की विसरलेल्या गोष्टी आठवतात. त्यांची संमती घेऊन त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही

कोणी विचारील, की जुन्या इमारती उराशी धरून काय करायचे? गरजूंना घरे नकोत काय? घरे हवीतच, आणि गिरणी कामगारांना ती हक्काने मिळाली पाहिजेत. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक व्हावे ही तर आपल्या समाजाचीच मागणी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याचे भूमिपूजनही झाले. इमारत योग्य कारणासाठी गेली, तरी ती गेलीच. म्हणून नोंद ठेवण्याची जबाबदारी दोन्ही बाबतींत सारखीच राहते. त्या जागी पूर्वी काय होते, कोणते खाते कोठे होते, तेथे आपली माणसे कोणत्या अटींवर राबली, हे स्मारक पाहायला येणाऱ्या मुलाला सांगता आले पाहिजे.

प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील एक गिरणी, एक चाळ किंवा एखादी जुनी कार्यशाळा निवडावी. चार विद्यार्थी, एक कॅमेरा, एक वही आणि एक वृद्ध कामगार एवढे भांडवल पुरेसे आहे. पुढील पिढी पुरावा मागेल तेव्हा इमारत उभी नसेल, सांगणारा माणूसही नसेल. त्या वेळी आपल्या संस्थेच्या कपाटात निदान तारखेनिशी लिहिलेले एक पाकीट असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.