ओल्या धावपट्टीवरचं गणित

कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी २०१७ साली शिर्डी विमानतळ सुरू झाला. तेव्हा त्याची धावपट्टी २,५०० मीटर लांब होती. पण पावसात लांबीइतकीच चाकांची पकडही महत्त्वाची. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत भर पावसात एक छोटं लिअरजेट धावपट्टीवरून घसरलं. सुदैवाने आतले आठही जण बचावले.

साचलेल्या पाण्यावर चाक वेगात आलं, की पाण्याला बाजूला सरायला उसंत मिळत नाही. पाण्याचा थरच चाकाला उचलून धरतो.

हे कोणत्या वेगाला घडतं? नासाच्या प्रयोगांतून आलेलं सूत्र सोपं आहे : टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९. दाब ३६ पीएसआय, तर उत्तर ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. चार आसनी विमान साधारण याच्या आसपासच्या वेगाने उतरतं.

म्हणून वैमानिक वेग नेमका राखतो, चाकं अलगद नव्हे तर ठामपणे टेकवतो आणि ती जमिनीवर नीट फिरू लागली, की मगच बेताने ब्रेक दाबतो.