काडतुसं भरण्याचा प्रेस निवडताना

अमेरिकेत नेमबाजीचा सराव करणारे अनेक जण झाडलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरीच पुन्हा भरतात. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.) साध्या प्रेसचा दांडा एकदा ओढला की एकच काम होतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये फिरत्या तबकडीवर चार-पाच पुंगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, त्यामुळे दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

निवडताना आधी पाहावं ते तबकडी कशी फिरते. डिलन कंपनीच्या ५५० या प्रेसला चार टप्पे आहेत आणि तबकडी हाताने फिरवावी लागते. ती फिरवायला विसरलं, तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडू शकते. पिस्तुलाच्या काही पुंगळ्यांत दुप्पट दारूही सहज मावते, वरून शंका येत नाही, आणि झाडताना पिस्तूल हातात फुटू शकतं. त्याच कंपनीच्या ७५० मध्ये तबकडी आपोआप पुढे सरकते. त्यातला जादाचा पाचवा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे दारूची पातळी तपासून इशारा देणाऱ्या साधनाला जागा मिळते. तरीही यंत्र मध्येच अडकलं, तर तबकडीवरच्या अर्धवट पुंगळ्या काढून बाजूला ठेवाव्यात.

कॅलिबर बदललं की डाय (प्रेसमधले साचे) आणि बहुधा तबकडीही बदलावी लागते. तो खर्च आधीच विचारून घ्यावा. महिन्याला पन्नासच गोळ्या झाडणाऱ्याला साधा प्रेस पुरतो. नवख्यानेही हात त्याच्यावरच बसवावा.