गोळी कोणती ते नंतर, आधी दुखणं कोणतं ते बघू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे दुखणं. मी भूलतज्ज्ञ आहे आणि ऑपरेशन थिएटरच्या कामाबरोबर पेन क्लिनिकही चालवतो. तिथे रोज एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, दुखण्यावर सगळ्यात चांगली गोळी कोणती?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण दुखणं एक नाही. सुजलेल्या दाढेला जी गोळी लागू पडते, ती नागिणीनंतरच्या आगीला लागू पडत नाही. आणि चार दिवसांसाठी जी गोळी उत्तम, तीच चार वर्षं घेतली तर किडनीवर बेतू शकतं.

आपल्या भाषेतच निदान आहे

पेशंटला मी विचारतो, "आजी, कसं दुखतंय?" आजी म्हणतात, "कसं म्हणजे? दुखतंय!" मग मी शब्द पुरवतो. ठणकतंय का? कळ येते का? चमक निघते का? आग होते का? मुंग्या येतात का?

या शब्दांना मराठीत उगाच वेगळी नावं मिळालेली नाहीत. गळू किंवा दाढ ठणकते, तिथे सूज असते. पोटात कळ येते आणि जाते, तेव्हा आतडं, पित्ताशय किंवा मूत्रनलिका यांसारखा पोकळ अवयव आवळला जात असतो. मुतखड्याची कळ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. आणि आग होणं, मुंग्या येणं, करंट लागल्यासारखी चमक निघणं, नुसता कपडा लागला तरी दुखणं, ही लक्षणं बहुतेक वेळा नस दुखावल्याची असतात. मधुमेहात तळपायांची आग होते, ती याच प्रकारची.

म्हणून डॉक्टरकडे जाताना "खूप दुखतंय" एवढंच सांगू नका. कसं दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आणि त्यामुळे तुमचं कोणतं काम अडलंय, हे सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

नवं दुखणं: अंगावर काढू नका

नव्या दुखण्याला डॉक्टरी भाषेत अक्यूट म्हणतात. हाड मोडलं, भाजलं, ऑपरेशन झालं, दाढ दुखली. हे दुखणं म्हणजे शरीराने वाजवलेली घंटा. कारण शोधायचं, त्यावर इलाज करायचा आणि तोपर्यंत वेदना नीट आटोक्यात ठेवायची.

"थोडं सहन करायला हवं" हा सल्ला आपल्याकडे फार दिला जातो. पण पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर दुखत असेल, तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, अंथरुणातून उठत नाही. मग छातीत कफ साठतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. शिवाय ऑपरेशननंतरची तीव्र वेदना ताब्यात राहिली नाही, तर ती पुढे कायमची मागे लागण्याची शक्यताही वाढते.

म्हणून हल्ली आम्ही एकाच औषधावर विसंबत नाही. पॅरासिटामॉल, सूज कमी करणारं औषध, त्या भागाच्या नसेजवळ भुलीचं इंजेक्शन, मोठ्या ऑपरेशनला पाठीतून एपिड्यूरल नळी, आणि गरज पडली तरच मॉर्फिनच्या गटातलं औषध. प्रत्येक औषध वेगळ्या जागी काम करतं, त्यामुळे प्रत्येकाचा डोस कमी लागतो आणि त्रासही कमी होतो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञाला आधीच विचारा, "नंतर दुखू नये म्हणून काय करणार?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरातल्या डब्यातल्या गोळ्या

आता मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांकडे वळू. त्यात मुख्यतः दोन घराणी असतात.

पहिलं घराणं पॅरासिटामॉलचं. योग्य डोसमध्ये सुरक्षित, जठराला त्रास नाही. पण निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल, तर मर्यादा त्याहून खाली. ती ओलांडली की यकृत निकामी होऊ शकतं. गंमत अशी की सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतंच. नावं दोन, औषध एकच, डोस दुप्पट. म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

दुसरं घराणं सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी भावंडं. मुतखड्याची कळ, दाढदुखी, मुरगळलेला पाय, पाळीतलं दुखणं यांवर फार गुणकारी. पण जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो, किडनीवर ताण येतो, आणि हृदयविकार असलेल्यांना धोका असतो. यातली दोन भावंडं एकदम घेतली तर फायदा वाढत नाही, धोका मात्र वाढतो.

एक जोडी खास लक्षात ठेवा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू आहे, सोबत लघवी वाढवणारी गोळी आहे, आणि वरून गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. या तिघी एकत्र आल्या की किडनी अचानक बंद पडू शकते. उन्हाळ्यात, किंवा जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर अधिकच.

आणि पावसाळ्यात ताप येऊन अंग मोडून आलं असेल, डेंगीची शंका असेल, तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

राहिल्या त्या "एका दिवसात आराम" देणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. आराम पडतो तो त्याचा. नंतर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि अचानक बंद केलं तर जिवावरही बेतू शकतं.

जुनं दुखणं: घंटा अडकली की

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुनःपुन्हा येणारं दुखणं म्हणजे क्रॉनिक. इथे बऱ्याचदा मूळ जखम भरलेली असते, पण घंटा वाजतच राहते. मज्जारज्जू आणि मेंदू इतके संवेदनशील होतात की साधा स्पर्शही धोक्यासारखा वाचला जातो. एमआरआयमध्ये फारसं काही दिसत नाही आणि घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." नाही हो. वेदना खरी असते. बिघाड संदेश वाहणाऱ्या यंत्रणेत असतो, आणि तो फिल्मवर दिसत नाही.

१९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशासाठी जणू एक फाटक असतं. ते कमीजास्त उघडतं आणि मेंदूकडूनही त्यावर हुकूम येतात. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, ते यामुळेच. तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. झोप न होणं, काळजी, एकटेपणा हे फाटक उघडं ठेवतात. हालचाल, झोप आणि धीर ते बंद करायला मदत करतात.

म्हणून जुन्या कंबरदुखीवर किंवा गुडघेदुखीवर पहिला इलाज म्हणजे हालचाल. ठरवून, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं हे कुठल्याही गोळीपेक्षा जास्त टिकाऊ. गोळीऐवजी डायक्लोफिनॅकचं मलम चालत असेल, तर रक्तात औषध फार कमी जातं. सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. त्या काळात व्यायाम सुरू केला तर त्याचा उपयोग.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये ज्या जुन्या वेदनेला दुसरं ठोस कारण सापडत नाही तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि मॉर्फिन गटातली औषधं सुरूच करू नका असं सांगितलं आहे. भर आहे व्यायामावर, मानसोपचारावर आणि काही निवडक नैराश्यविरोधी औषधांवर.

आणि डोकेदुखीवाल्यांनो, नीट वाचा. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर ती गोळीच डोकं दुखवत असण्याची शक्यता आहे. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत तर १० दिवसही पुरतात.

"मला वेडाची गोळी का दिली?"

नसेच्या दुखण्याला नेहमीच्या गोळ्या फारशा जुमानत नाहीत. तिथे ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन लागतात. पहिली दोन नैराश्यावर वापरतात, पुढची दोन फिट्सवर. पेशंट घरी जातो, कुणीतरी सांगतं की ही डिप्रेशनची गोळी आहे, आणि गोळी बंद होते. पण हीच औषधं नसांमधून आणि मज्जारज्जूतून जाणारे वेदनेचे संदेश शांत करतात, आणि नसेच्या दुखण्यासाठी बऱ्याचदा नैराश्यापेक्षा कमी डोस पुरतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आणि सुरुवातीला गुंगी येते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना धरायला कुणीतरी हवं. एकदम बंदही करू नका.

नागीण उठली तर पहिल्या ७२ तासांत डॉक्टरला दाखवा. विषाणूविरोधी औषध लवकर सुरू झालं की आजार लवकर आवरतो. मंत्र टाकण्यात हेच तास निघून जातात.

याच्या पुढची पायरी म्हणजे सुईने करायचे उपचार: नर्व्ह ब्लॉक, मणक्यातल्या लहान सांध्यांच्या नसा रेडिओ लहरींच्या उष्णतेने बधिर करणं. योग्य पेशंटमध्ये चांगले आहेत. सरसकट सगळ्यांसाठी नाहीत.

मॉर्फिनची भीती

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. कॅन्सरच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिच्या वरच्या पायरीवर आहे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन. स्वस्त आणि गुणकारी. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, म्हणजे कच्चा माल आपलाच. तरीही आपल्याकडे असंख्य कॅन्सर पेशंट तळमळत जातात.

एक कारण कायदा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन ठेवण्यासाठी इतके परवाने मागितले की बऱ्याच रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट सोपी केली. केरळने तर १९९३ पासून कोझिकोडमध्ये उभ्या राहिलेल्या चळवळीतून घरोघरी वेदनामुक्ती पोचवून दाखवली. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करतंय.

दुसरं कारण आपण. "बाबांना व्यसन लागेल," "मॉर्फिन म्हणजे आता संपलं." मुलगा बाहेर येऊन मला सांगतो, "डॉक्टर, एवढ्यात नको." त्याला मी म्हणतो, "अरे, मॉर्फिन मरणासाठी नाही देत, झोप लागावी, दोन घास जावेत, बाबांनी तुझ्याशी बोलावं म्हणून देतो." कॅन्सरच्या वेदनेसाठी, थोड्या डोसने सुरू करून, देखरेखीखाली वाढवत नेलं, तर व्यसनाचा धोका कमी आणि श्वास मंदावण्याचाही. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होतंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो. गोळ्या कुलपात ठेवा.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच गटातली औषधं साध्या जुन्या दुखण्यांसाठी सढळ हाताने लिहिली गेली आणि व्यसनाची व मृत्यूंची लाट आली. आपल्याकडे उलटं: जिथे हवं तिथेच नाही. दोन्हीकडे चूक एकच, दुखणं कोणतं हे न बघता औषध ठरवणं.

लगेच डॉक्टर गाठा

कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, ताप आहे, वजन आपोआप उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, किंवा छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटलाय, तर गोळी शोधत बसू नका. थेट दवाखाना.

बाकीच्यांनी एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसांच्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ओता. आणि मला सांगितलंत तसं नाही, तर नीट सांगा: ठणकतंय, कळ येतेय, की आग होतेय.

डोस मात्र हे वाचून स्वतः ठरवू नका, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!