व्हायरसांचे प्रारणजन्य निष्क्रियीकरण

प्रारण (तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जा) किंवा त्यामुळे निर्माण होणारी ऑक्सिजनाची विक्रियाशील रूपे यांच्या परिणामाने व्हायरसाची संक्रमणक्षमता नष्ट होण्याच्या क्रियेस ही संज्ञा देतात. व्हायरस म्हणजे न्यूक्लिइक अम्ल व त्याभोवतीचे प्रथिनाचे कवच होय. काहींत त्यावर मेदयुक्त आवरणही असते. स्वतःचा चयापचय नसल्याने कोशिकेबाहेर (पेशीबाहेर) असताना झालेली इजा व्हायरसाला भरून काढता येत नाही.

जंबुपार किरण : न्यूक्लिइक अम्ले सु. २६० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण प्रकर्षाने शोषतात, म्हणून सु. २५४ नॅनोमीटरचे किरण देणारा कमी दाबाचा पारा-बाष्प दिवा यासाठी वापरतात. शोषित ऊर्जेने शेजारचे पिरिमिडीन क्षारक (डीएनएत मुख्यत्वे थायमीन, आरएनएत युरॅसिल) एकमेकांस जोडले जातात व अम्लाची प्रतिकृती बनणे खुंटते. मात्र ही इजा नेहमीच कायमची नसते. एकाच जीवाणूत शिरलेले अनेक निष्क्रिय जीवाणुभक्षी व्हायरस पुन्हा सक्रिय होतात, असे एस. ई. ल्युरिया यांनी १९४७ मध्ये दाखविले. संक्रमित जीवाणूंवर दृश्य प्रकाश पडल्यासही पुनःसक्रियण होते, असे आर. डल्बेको यांना १९४९ मध्ये आढळले. दुहेरी डीएनए असलेल्या ॲडिनोव्हायरसाला आश्रय कोशिकेच्या दुरुस्ती-यंत्रणेचा लाभ मिळतो. त्यामुळे जलशुद्धीकरणात तो विशेष चिवट ठरतो.

आयनीकारक प्रारण : गॅमा व क्ष-किरण न्यूक्लिइक अम्लाची साखळी प्रत्यक्ष तोडतात. शिवाय पाण्याच्या रेणूंपासून हायड्रॉक्सिल मूलक बनतात व ऑक्सिजनाच्या सान्निध्यात सुपरऑक्साइडही तयार होते. हायड्रॉक्सिल मूलक अम्लाबरोबर प्रथिनांचेही ऑक्सिडीकरण करतात. गोठविलेल्या द्रव्यात मूलकांचे विसरण मंदावते व प्रथिने बरीचशी अबाधित राहतात. व्हायरसाचे न्यूक्लिइक अम्ल हे लहान लक्ष्य असल्याने बहुतेक जीवाणूंपेक्षा त्यास अधिक मात्रा द्यावी लागते.

प्रकाशगतिक क्रिया : मिथिलीन ब्ल्यू या रंजकावर दृश्य प्रकाश पडला असता अतिविक्रियाशील एकक ऑक्सिजन निर्माण होतो. तो मुख्यत्वे ग्वानीन या क्षारकाचे ऑक्सिडीकरण करतो. रक्ताधानासाठीच्या रक्तद्रवातील आवरणयुक्त व्हायरस नष्ट करण्यास ही पद्धत वापरतात. आवरणहीन व्हायरसांवर ती कमी परिणामकारक असते.

महत्त्व : लसनिर्मितीत अम्ल निकामी व्हावे, पण प्रतिरक्षा जागविणारी प्रथिने टिकावीत, असा दुहेरी हेतू असतो. मात्रा जास्त झाल्यास लस दुर्बळ होते, कमी पडल्यास जीवघेणी ठरते. अमेरिकेत १९५५ मध्ये फॉर्माल्डिहाइडाने अपुऱ्या निष्क्रिय झालेल्या पोलिओ लशीमुळे अनेक बालकांना पक्षाघात झाला. साधन रासायनिक असो वा प्रारण, संक्रमणक्षमता पूर्णपणे लोपल्याची कसोटी कोशिका-संवर्धनात घेणे म्हणूनच अनिवार्य असते.