चिनी विजेची मोटार आणि बेळगावची भट्टी

बाजारात ‘चिनी माल’ हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते. निपाणीची पेठ असो वा बेळगावचा खडेबाजार, स्वस्त मिळाले आणि आठवड्यात मोडले, एवढाच त्यांचा रूढ अर्थ. परंतु शब्दांचे भाग्यही माणसांच्या भाग्याप्रमाणे फिरत असते. कालिदासाने शाकुंतलात राजाच्या मागे ओढ घेणाऱ्या मनाला उपमा दिली ती ‘चीनांशुका’च्या, म्हणजे चिनी रेशमाच्या ध्वजाची, आणि आपल्याकडील आजीबाईंना लोणच्यासाठी बरणी हवी असे ती चिनी मातीचीच. जपानी मालाची कथाही निराळी नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तकलादू म्हणून हिणवला गेलेला हा माल, १९८३ साली सुझुकीच्या साहाय्याने मारुती मोटार रस्त्यावर आल्यानंतर, भरवशाचा म्हणून घरोघरी ओळखला जाऊ लागला. चिनी विजेच्या मोटारीच्या बाबतीत असाच पालट गेल्या दहा-पंधरा वर्षांत घडून आला आहे, आणि तो समजून घेणे सीमाभागातील कारखानदारास व कामगारास विशेष अगत्याचे आहे.

बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान घातले आणि त्यातूनच पुढे नांगरांचा व यंत्रांचा उद्योग उभा राहिला, हे येथील लोकांना सांगावयास नको. चीनमधील ‘बीवायडी’ ह्या कंपनीचा आरंभही मोटारीपासून असाच दूर झाला. वांग चुआनफू ह्या बॅटरीशास्त्राच्या अभ्यासकाने १९९५ साली शेनझेन शहरात ती काढली ती पुनर्भारित बॅटऱ्या बनविण्यासाठी. जपानी कारखान्यांतील महागडी स्वयंचलित यंत्रे परवडेनात, तेव्हा त्यांची पुष्कळशी कामे त्याने साध्या साधनांनी मजुरांकरवी करून घेतली. २००३ साली कंपनीने शिआन येथील एक मोटार कारखाना विकत घेतला. २००८ साली अमेरिकन धनिक वॉरन बफे ह्यांच्या कंपनीने तिचे सुमारे दहा टक्के भाग घेतले, तेव्हा कित्येकांनी भुवया उंचावल्या. २०११ साली एका मुलाखतीत टेस्लाचे इलॉन मस्क ह्यांच्यापुढे ह्या कंपनीचे नाव निघताच ते मोठ्याने हसले. पुढे २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या विक्रीत बीवायडीने टेस्लाला मागे टाकले, आणि २०२५ साली संपूर्ण वर्षाच्या हिशेबातही तेच घडले. त्या हसण्याची चित्रफीत अजून लोक आवडीने पाहतात.

हे यश केवळ स्वस्त मजुरीचे, असे समजणे चुकीचे होईल. जर्मनीत ऑडी कंपनीत काम केलेले अभियंते वान गांग मायदेशी परतून २००७ साली चीनचे विज्ञानमंत्री झाले. पेट्रोलच्या इंजिनात शंभर वर्षे पुढे असलेल्या युरोप-जपानला त्याच वाटेने गाठणे कठीण. तेव्हा वाटच बदलावी, असा त्यांचा आग्रह होता. २००९ पासून सरकारने ह्या गाड्यांना अनुदान दिले, ते २०२२ च्या अखेरीपर्यंत चालू होते. पैसा अफाट गेला, काही कारखान्यांनी खोटे आकडे दाखवून तो लाटलाही. पण बाजारपेठ उभी राहिली.

खरे मर्म आहे ते बॅटरीत. गाडीच्या किमतीतील सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो. प्रारंभी ह्या बॅटऱ्यांत निकेल व कोबाल्ट ही दुर्मीळ धातुद्रव्ये लागत. १९९७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ ह्यांच्या प्रयोगशाळेत लोह आणि फॉस्फेट ह्यांच्या संयुगाचा उपयोग दाखवून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर पहिले नाव होते अक्षय पाढी ह्या भारतीय संशोधकाचे. ह्या बॅटरीत वजनाच्या मानाने वीज थोडी कमी मावते. मात्र ती स्वस्त पडते, अधिक वर्षे टिकते आणि तापून पेट घेण्याचा धोका तिच्यात कमी असतो. पाश्चात्त्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. चिन्यांनी तिचाच पाठपुरावा केला. आज जगातील लिथियम बॅटरीच्या घटांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक चीनमध्ये तयार होतात. २०२४ साली जगात विजेच्या व प्लगवर भारित होणाऱ्या संकरित मोटारी मिळून एक कोटी सत्तर लाखांहून अधिक विकल्या गेल्या. त्यांतील एक कोटी दहा लाखांवर एकट्या चीनमध्ये.

नावलौकिक मात्र अजून दुभंगलेलाच आहे. २०२२ साली बीवायडीच्या ‘ॲटो ३’ गाडीला युरोपातील सुरक्षा-चाचणीत पाच तारे मिळाले, आणि ‘पत्र्याचा डबा’ म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. उलट २०२४ साली अमेरिकेने चिनी विजेच्या गाड्यांवर शंभर टक्के जकात बसविली, तर युरोपीय संघाने नेहमीच्या दहा टक्क्यांवर आणखी ३५.३ टक्क्यांपर्यंत. खुद्द चीनमध्ये किमती पाडण्याची अशी काही जीवघेणी स्पर्धा लागली आहे की कित्येक कंपन्या बुडाल्या. बुडालेल्या कंपनीची गाडी घेणाऱ्याला सुटे भाग कोण देणार, हा प्रश्न तेथील ग्राहकालाही सतावतो.

महाराष्ट्राच्या दारापर्यंत ही मोटार येऊन परत गेली, ही हकीकत अनेकांच्या विस्मरणात गेली असेल. पुण्याजवळ तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचे ग्रेट वॉल मोटर्स ह्या चिनी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारबरोबर ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार झाला, आणि त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवानांचे रक्त सांडले. शेजारी राष्ट्रांतून येणाऱ्या भांडवलास केंद्राची पूर्वसंमती हवी, असा नियम एप्रिलमध्येच झाला होता. संमती आलीच नाही, आणि ३० जून २०२२ रोजी खरेदीची मुदत संपली. पुढे तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला.

तरीही चिनी तंत्र मागील दाराने आलेच आहे. पुण्यात पीएमपीएमएलच्या ताफ्यात २०१९ साली दाखल झालेल्या विजेच्या बसगाड्या ऑलेक्ट्रा व बीवायडी ह्यांच्या सहकार्यातून बनलेल्या होत्या. रोज त्यांतून जाणाऱ्या नोकरदाराला त्याची दादही नव्हती. चाकणच्या महिंद्र कारखान्यातील नव्या विजेच्या गाड्यांत बॅटरीचे घट बीवायडीचेच. आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा-धातूंच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले, तेव्हा बजाजच्या ‘चेतक’ विजेच्या स्कूटरचे उत्पादन अडचणीत आले. गाडी अडवता येते, चुंबक अडवून कसे चालेल?

आता बेळगावकडे वळू. उद्यमबाग, मच्छे आणि पलीकडे कोल्हापूरचे शिरोली व गोकुळ शिरगाव ह्या पट्ट्यातील फाउंड्र्यांत बीड वितळवून वाळूच्या साच्यांत ओतले जाते. त्यातून निघणाऱ्या मालात इंजिनाचा सांगाडा, त्याचे डोके, धूर बाहेर नेणारी नळी असे कितीतरी नग असतात. विजेच्या मोटारीला इंजिनच नाही. त्यामुळे ह्या नगांना तेथे जागा नाही. तिच्या मोटरचे कवच बहुधा अॅल्युमिनियमचे असते. हा धातू ६६० अंशांवर वितळतो, तर बीडाला त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता लागते. शिवाय तो वाळूत न ओतता पोलादी साच्यात दाबाने भरण्याची रीत आहे. म्हणजे भट्टी वेगळी, साचा वेगळा, आणि वाळू ठोकून ओलाव्याचा अंदाज बोटांनी घेणाऱ्या जुन्या कारागिराच्या हातची विद्या तेथे फारशी कामाची नाही.

अर्थात उद्या सकाळीच भट्ट्या थंड होतील, असे मानण्याचे कारण नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींत विजेच्या मोटारींचे प्रमाण २०२४ साली शेकडा दोनच्या आसपासच होते. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, मालमोटारी ह्यांना बीड लागतेच. आणि बॅटरीच्या ओझ्याने विजेची मोटार तिच्या मापाच्या पेट्रोल गाडीहून जड होते, तेव्हा ब्रेकच्या चकत्या व चाकांजवळचे ओतीव भाग तिलाही मजबूत हवेत. त्यातही एक मेख आहे. गती कमी करताना ह्या गाडीची मोटरच उलट वीज निर्माण करून चाकांना आवरते. त्यामुळे ब्रेकची चकती झिजते हळू, आणि बदलावी लागते ती फार उशिरा.